वॉरम पर्सीचं पडकं चर्च: छप्पर घालावं की आहे तसंच राहू द्यावं?

टेकडीपलीकडे:

इंग्लंडमध्ये, उत्तर यॉर्कशायरातल्या माल्टन गावाजवळच्या टेकड्यांत वॉरम पर्सी नावाचं ओसाड गाव आहे. घरांच्या जागी आता गवताखालचे उंचवटे, गल्ल्यांच्या जागी खळगे. उभं आहे ते सेंट मार्टिनचं बिनछपराचं चर्च. परवा इथल्या मराठी मंडळींत विषय निघाला, आणि बहुतेकांचं मत पडलं की चर्चवर छप्पर घालावं, आत माहिती केंद्र करावं, गाडी थेट दारापर्यंत जावी. माझा याला ठाम विरोध आहे.

या चर्चच्या भिंती वाचायच्या असतात. दक्षिणेकडच्या भिंतीत कमानी दिसतात, पण दगडांनी बुजवलेल्या. गाव वाढलं, माणसं मावेनात, तेव्हा भिंत फोडून कमानी काढल्या आणि बाजूला दालन जोडलं. पुढे माणसं घटली. दालन पाडलं, कमानी बुजवल्या. कमानीचा घडीव दगड कुठे संपतो आणि बुजवणीचा सुरू होतो, ते बोट ठेवून दाखवता येतं.

पुष्कळांना वाटतं की प्लेगनं गाव संपवलं. तसं झालं नाही. १३४९च्या साथीनंतरही इथे चुली पेटत होत्या. गाव संपवलं लोकरीच्या पैशानं. धान्यापेक्षा मेंढ्या परवडू लागल्या, तशी मालकांनी शेतांची कुरणं केली, आणि १५००च्या सुमारास उरलीसुरली कुटुंबंही उठवली. चर्च तरीही चालू राहिलं, कारण थिक्सेंडेलसारख्या शेजारच्या वस्तीतले लोक टेकड्या ओलांडून इथेच येत. १८७०च्या सुमारास थिक्सेंडेलला स्वतःचं चर्च झालं. १९४९मध्ये इथली शेवटची उपासना झाली आणि १९५९मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला.

आता छप्पर घालायचं तर कुठल्या शतकाचं? दालनं होती तेव्हाचं, की पाडल्यानंतरचं? कुठलंही घाला, बाकीची शतकं झाकली जाणार. वाहनतळापासून सव्वा किलोमीटर चालावं लागतं, तेही मला योग्यच वाटतं. चालताना दोन्ही बाजूंना फक्त चराऊ रानं दिसतात. या गावाचं काय झालं, ते तिथेच कळतं.

नॉरफोकवाला:

पूर्ण असहमत. "राहू द्या तसंच" म्हणणाऱ्यांनी एकदा नॉरफोकमध्ये स्वाफमजवळचं हॉटन-ऑन-द-हिल पाहून यावं. तिथलं सेंट मेरीचं चर्च वेलींनी गिळलं होतं. छप्पर नाही, आत झाडोरा. १९९२मध्ये ते बॉब डेव्ही या निवृत्त गृहस्थांच्या नजरेस आलं आणि त्यांनी उरलेलं आयुष्य त्याला वाहिलं. झाडोरा काढला, रस्ता केला, छप्पर घातलं. भिंतीवरचा गिलावा निघाला तेव्हा खाली चित्रं सापडली, साधारण १०९०ची. इंग्लंडमध्ये इतकी जुनी भित्तिचित्रं फारच थोडी उरली आहेत. त्यांनीही अवशेषांचं सौंदर्य जपायचं ठरवलं असतं, तर पावसानं ती चित्रं कधीच धुऊन नेली असती. पडझड म्हणजे इतिहास नव्हे, पडझड म्हणजे इतिहास नाहीसा होणं.

मधुमालती:

माझा मुद्दा वेगळा आहे. सासूबाई सत्तरीपुढच्या, गुडघे गेलेले. तरुणपणी रायगड चढलेल्या, जुन्या वास्तूंचं अतोनात वेड. वॉरम पर्सीची वाट उताराची, खडबडीत आणि पाऊस झाला की चिखलाची. निम्म्या वाटेवरून परत फिरावं लागलं. ज्यांचे पाय चालतात त्यांनाच इतिहास कळावा, असं धागाकर्त्याला खरंच म्हणायचं आहे का?

टेकडीपलीकडे:

@मधुमालती, नाही, तसं अजिबात म्हणायचं नाही. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी ठरावीक दिवशी एखादं वाहन खालपर्यंत न्यायला माझी ना नाही. पण डांबरी रस्ता झाला की मागोमाग वाहनतळ, कॅफे, स्वच्छतागृह येणार, आणि ते बांधायचं कुठे? सगळीकडे घरांचे पाये आहेत.

@नॉरफोकवाला, हॉटनचं काम थोरच आहे. पण तिथे गिलाव्याखाली वाचवण्यासारखं काही होतं. वॉरमला १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं उत्खनन झालं, मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांच्या देखरेखीखाली. चर्चच्या आतली जमीनही खणून तपासली. भिंती पक्क्या करून ठेवल्या आहेत. आता छपरानं वाचवायचं काय?

नॉरफोकवाला:

खुद्द भिंती! चुन्याच्या सांध्यात पाणी शिरतं, थंडीत गोठतं, फुगतं आणि दगड सुटतो. आज पक्क्या केलेल्या भिंती पुन्हा पुन्हा पक्क्या कराव्या लागणार. छप्पर एकदाच घालायचं असतं.

वसईची लेक:

वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्चं पाहत मी वाढले. ती वॉरमइतकी जुनी नाहीत, पोर्तुगीज काळातली आहेत. पण एक सांगते. आमच्यासारख्यांना तिथे उभं राहिल्यावर भिंतींचा अभ्यास सुचत नाही. गुडघे टेकावेसे वाटतात. लोक तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला येतात, वेदीच्या जागेवर चढून उभे राहतात. वास्तू उघडी पडली की ती कुणाचीच राहत नाही. छप्पर घाला किंवा घालू नका, पण वर्षातून एकदा तरी तिथे प्रार्थना व्हावी. चर्च त्यासाठी बांधलं होतं.

हाडवैद्य:

इथे माणसांबद्दल कुणीच बोलत नाही. वॉरमच्या चर्च आणि कब्रस्तानातून जवळपास ७०० सांगाडे काढले. त्यांच्या हाडांवरून कळलं की तिथली मुलं साधारण दीड वर्षाची होईपर्यंत अंगावर पीत. कुठल्याही कागदात हे सापडलं नसतं. गावातल्या एका खड्ड्यात किमान दहा जणांची हाडं मिळाली, काही जळलेली, काहींवर सुरीच्या खुणा. मेलेला माणूस उठून येऊ नये म्हणून प्रेतांवर हे केलं असावं, असा अंदाज २०१७मध्ये संशोधकांनी मांडला. तिथे जाणाऱ्याला हे कोण सांगणार? माझं मत माहिती केंद्राच्या बाजूनं.

टेकडीपलीकडे:

केंद्र करा, पण माल्टनमध्ये करा. तिथे ते सासूबाईंनाही पाहता येईल. @वसईची लेक, वर्षातून एकदा प्रार्थनेला माझा पूर्ण पाठिंबा, उघड्या आकाशाखाली. छपरावर मात्र मी हटणार नाही.

नॉरफोकवाला:

आणि मीही नाही. जोराच्या पावसात एकदा त्या भिंतींखाली उभे राहा, सांध्यांतून पाणी कसं वाहतं ते बघा आणि मग बोला.