गन्स अँड रोझेस, शनिवारी, महालक्ष्मी: पन्नाशीला टेकलेल्या माणसाने एकट्याने जावं का?

टीडीके_नव्वद (मंगळवार, १३ मे २०२५)

मंडळी, शनिवारी १७ तारखेला रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस हा अमेरिकन रॉक बँड येतोय. तिकीट फोनमध्ये येऊन पडलंय आणि माझं काही ठरत नाहीये.

तिकीट मी काढलेलं नाही. भाच्याने स्वतःसाठी काढलं होतं, तो कामासाठी चेन्नईत अडकला. त्याने ते मला पाठवलं आणि वर लिहिलं, "मामा, आपल्या घरात या बँडवर तुझ्याइतका हक्क कुणाचा नाही." झालं, तेव्हापासून झोप उडालीय.

थोडं माझ्याबद्दल. राहणार डोंबिवली, नोकरी सहकारी बँकेत, वय एकोणपन्नास, डावा गुडघा कुरकुरतो, शुगरची गोळी चालू आहे. लाइव्ह म्हणाल तर आजवर गणपतीतले ऑर्केस्ट्रा, फडके रोडवरची दिवाळी पहाट आणि एकदा पुण्याला जाऊन सवाई. म्हणजे बसून ऐकायचं, सतरंजी आपली, डबा आपला. उभं राहून, आजूबाजूला पंचवीस वर्षांची पोरं नाचतायत, असलं काही आयुष्यात केलेलं नाही.

हा बँड माझ्याकडे आला तो कॅसेटवरून. १९९१ मध्ये त्यांचे दोन अल्बम एकाच दिवशी निघाले. स्टेशनाजवळ एक जण गाणी भरून द्यायचा. दोन्ही अल्बम मिळून एका नव्वद मिनिटांच्या टेपमध्ये मावणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही मित्रांनी गाण्यांची यादी करून दिली. पहिल्या बाजूला शेवटचं गाणं ते पियानोवालं, 'नोव्हेंबर रेन', जवळपास नऊ मिनिटांचं. भरणाऱ्याने मिनिटांचा हिशेब काही केला नाही. सातव्या मिनिटाच्या आसपास सगळं शांत होतं, वाटतं आता संपलं, आणि तिथेच टेप खट्ट. मी ते गाणं तिथेच संपतं असं समजून ऐकत होतो. पुढे समोरच्या काकूंकडे केबल आली आणि एमटीव्हीवर ते लागलं. जिथे माझी टेप थांबायची तिथून बँडच्या गिटारवाल्याची, स्लॅशची, गिटार परत उठली. मी ताडकन उभा राहिलो. काकू म्हणाल्या, "काय रे, विंचू चावला का?"

तर आता प्रश्न.

भारत-पाकिस्तान तणावामुळे आयपीएल मध्येच थांबवली होती, ती शनिवारीच परत सुरू होतेय असं कळलं. तेव्हा हाही कार्यक्रम होईल असं धरून चालतो. एकट्याने गेलो तर विचित्र दिसेल का? उभं कुठे राहायचं? परत डोंबिवली कसं गाठायचं? आणि खरा प्रश्न हा की हल्लीच्या क्लिपा ऐकल्या, गायक एक्सलचा आवाज वरच्या पट्टीत पातळ लागतो. माझ्या डोक्यात जो आवाज आहे तो तसाच राहू द्यावा की काय? बायको म्हणते, "तू जा बाबा एकदाचा, घरात येरझाऱ्या घालू नकोस."

नाना_परळवाले

फक्त आवाजासाठी जाणार असाल तर नका जाऊ. स्पष्ट सांगतो. एक्सल त्रेसष्ट वर्षांचा आहे. पंचविशीत तो ज्या पद्धतीने गळा फाडून गायला त्या पद्धतीने चाळीस वर्षं कुणाचाच गळा टिकत नाही. खालच्या पट्टीत मात्र तो अजून मस्त लागतो, तिकडे लक्ष द्या.

मी ९ डिसेंबर २०१२ ला बीकेसीच्या मैदानावर यांनाच ऐकलंय. यांना म्हणजे कुणाला, हीच गोम आहे. स्लॅश १९९६ ला बँड सोडून गेलेला, बेसवाला डफ १९९७ ला. जुन्यांपैकी एक्सल, आणि १९९० पासून कीबोर्डला असलेला डिझी रीड. बाकी नवी भरती. गिटारवाले तिघेही तयारीचे होते, सूर चुकला असं म्हणणार नाही. पण तुम्ही म्हणता त्या गाण्यात, त्या शांततेनंतर गिटार उठली आणि माझ्या शेजारचा एक माणूस, अनोळखी, माझ्याकडे बघून नुसता खांदे उडवून हसला. दोघांनाही कळलं काय कमी आहे ते. मुख्य कंपनी सोडून दुसऱ्या संचात नाटक बघितल्यासारखं.

२०१६ ला स्लॅश आणि डफ परत आले. म्हणजे शनिवारी तिघे एकत्र उभे राहणार, मुंबईत पहिल्यांदा. ड्रमर मार्चपासून नवीन आहे, जुना गिटारवाला इझी नाही, ते सोडून द्या. २००३ मध्ये ब्रेबॉर्नवर रोलिंग स्टोन्स आले तेव्हा त्यांचा गायक जॅगर एकोणसाठचा होता, तेव्हाही लोक म्हणत होते, आता काय उरलंय त्यांच्यात. अजून गातोय तो.

एकट्याचं म्हणाल तर, आम्ही धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाला जायचो (१९८६ ला सुरू झालेलं, पुढे तो परिसरच शांतता क्षेत्रात गेला आणि सगळं बंद), तिथे निम्मी पब्लिक एकटीच यायची. आत गेल्यावर कोण कुणाबरोबर आलंय हे कळायचं नाही.

पडद्यामागे

नाटकांचा साउंड बघतो, सीझनला मैदानी कार्यक्रमही करतो. उभं कुठे राहायचं याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण आधी एक गोष्ट: आवाज पातळ लागतो हे फोनवर काढलेल्या क्लिपेवरून ठरवू नका. फोनचा माइक एवढ्या मोठ्या आवाजाला बसतो, खालची पट्टी खाऊन टाकतो, वरचं किरकिरं तेवढं ठेवतो. त्रेसष्टचा गळा त्रेसष्टचाच, पण क्लिपेत तो आहे त्याहून वाईट ऐकू येतो.

आता जागा. मैदानाच्या मध्याच्या आसपास, स्टेजकडे तोंड करून एक मंडप किंवा मचाण असतं. त्यात मिक्सरवाला बसतो. त्याला तिथे जे ऐकू येतं त्यावर सगळ्या कार्यक्रमाचा आवाज बेतलेला असतो. त्याच्या जरा पुढे, फार बाजूला न जाता उभे राहा. लोक धावत जाऊन पुढच्या कठड्याला चिकटतात. तिथे घाम दिसतो, पण वर टांगलेल्या मुख्य स्पीकरचा आवाज डोक्यावरून निघून जातो. समोरून गिटार-ड्रमचा थेट आवाज, खालून सब-वूफरचे धक्के, आणि शब्द गायब. तुमच्या गुडघ्यालाही ते धक्के नकोत.

फार मागेही जाऊ नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटरवर पोचायला त्याला ०.३ सेकंद लागतो. म्हणून मध्ये जे उंच खांब दिसतील, डिले टॉवर, त्यांतून आवाज तेवढाच उशिरा सोडलेला असतो, नाहीतर मागच्यांना प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. तरी मागून बघताना पडद्यावर काठी आधी पडते आणि ठोका नंतर येतो. सेटिंग बिघडलेलं नसतं ते. शिवाय रेसकोर्सला समुद्राचा वारा आहे. वारा फिरला की मागच्या बाजूला वरच्या पट्टीचा आवाज येतो-जातो, रेडिओ हलवल्यासारखा. तोही एक्सलच्या नावावर टाकू नका.

कान. हे चेष्टेवारी नेऊ नका. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब आहे. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. हा कार्यक्रम तासन्‌तास चालणार. केमिस्टकडे फोमचे इअरप्लग मिळतात. नुसते कानात कोंबून उपयोग नाही: बोटांनी वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यामागून कानाची पाळी वर खेचायची, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोट दाबून धरायचं. नीट बसला की तुमचा स्वतःचाच आवाज तुम्हाला घुमल्यासारखा येतो. संगीत ऐकू येतंच, उलट शब्द जास्त सुटे होतात. मी रोज वापरतो, म्हणून अजून बायकोचं बोलणं ऐकू येतं. (फायदा की तोटा, ते सोडा.)

कोपऱ्यातला_पंखा

घरी एसीत बसून मोठ्या टीव्हीवर बघा. मे महिन्यात मैदानात उभं राहायचे पैसे देतात लोक, कमाल आहे.

नाना_परळवाले

पैसे भाच्याने दिलेत. नीट वाचत जा.

सात_रस्ता

मी रेसकोर्सपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते आणि तिथल्या लोलापलूझा संगीत महोत्सवाला जाऊन आलेय. तुम्ही स्वतःच मामा म्हणवून घेतलंत, म्हणून मामाच म्हणते.

मामा, पहिली गोष्ट: उघड्यावर स्पीकर रात्री दहापर्यंतच. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट असते, पण तिच्यावर विसंबू नका. म्हणजे दहाला संपवायचं तर एवढी गाणी असलेला बँड उजेडातच सुरू करणार. सातच्या आसपास सूर्य मावळतो. "आठला पोचलो तरी चालेल" असं म्हणणारे अर्धा कार्यक्रम गेटावर ऐकतात.

जाताना दादरला उतरून वेस्टर्नची चर्चगेट स्लो पकडा, महालक्ष्मीला फास्ट थांबत नाही. नवी मेट्रो तीन नुकतीच आचार्य अत्रे चौकापर्यंत आलीय, पण तुम्हाला डोंबिवलीहून तिचा काही उपयोग नाही.

येताना महालक्ष्मी स्टेशनाकडे वळूच नका. सगळं मैदान त्या एका पुलाकडे धावतं. तुम्ही सात रस्त्याकडे चालायला लागा. तिथून साने गुरुजी मार्गाने चिंचपोकळी चालत जमण्यासारखं आहे. गुडघा बोलायला लागला तर टॅक्सी करून भायखळा, तिथे फास्टही थांबते. वाटेत खायलाही काहीतरी उघडं असतं. शनिवारी रात्री कुठे रेल्वेचा ब्लॉक आहे का तेवढं बघून ठेवा.

बूट जुने घाला, कापडी नको. घोड्यांचं मैदान आहे, माती उडते, आणि सध्या अवकाळीचा नेम नाही, चिखलही होऊ शकतो. छत्री आत घेत नाहीत बहुतेक, पातळ रेनकोट खिशात. दुपारपासून पाणी पीत राहा, तिथे पोचून एकदम ढोसू नका, नाहीतर नेमक्या तुमच्या गाण्याला शौचालयाच्या रांगेत असाल. गोळी आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. बाहेरचं खाणं काढून घेतात, म्हणून गेटाबाहेरच काहीतरी पोटात ढकला, शुगर आहे ना. आणि तिकीट गाडीत असतानाच उघडून ठेवा. गेटाजवळ हजारो फोन एकदम चालू असतात, नेटवर्क मान टाकतं.

एकटं कसं दिसेल म्हणालात. मी बाई माणूस, एकटी जाते. मिक्सरच्या मंडपाजवळ तुमच्या वयाचे पुष्कळ असतात, पोट सुटलेले, काळा टी-शर्ट तीन साइज आधीचा. त्यांच्यात उभे राहा. पहिल्या गाण्यानंतर कुणीतरी तुमच्या खांद्यावर हात टाकेल, तयारी ठेवा.

टीडीके_नव्वद (बुधवार, १४ मे)

सगळ्यांचे आभार. जातोय.

पडद्यामागे, तुम्ही सांगितलंत तसे प्लग काल रात्री लावून बघितले. पहिल्यांदा निम्मे बाहेर राहिले, पाळी वर खेचल्यावर नीट बसले. बायको स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली ते ऐकू आलं नाही. तिने येऊन कानातून एक उपसला आणि म्हणाली, "हे गणपतीत का नाही सुचलं? दहा दिवस खिडक्या बंद करून बसतो आपण." एक जोडी तिने काढून ठेवलीय.

नाना, तुमचा तो खांदे उडवणारा शेजारी डोक्यातून जात नाहीये. आवाजाचा प्रश्न मी निकालात काढलाय. मला कळलं की मला एक्सलपेक्षा ती गिटार ऐकायचीय, आणि स्लॅशच्या बोटांना एकोणसाठाव्या वर्षीही काही झालेलं नाही असं क्लिपांवरून दिसतं. बोटांच्या बाबतीत तरी फोनचा माइक खोटं बोलत नसावा.

सात रस्ता, शनिवारी बँक अर्धा दिवस नाही, पूर्ण आहे, तिसरा शनिवार. साहेबांना सांगून तीनला निघतोय. कारण विचारलं, खरं सांगितलं. ते म्हणाले, "तिथे मला घेऊन गेला असतास तर रजा पूर्ण दिवसाची दिली असती." आठ वर्षं शेजारच्या केबिनमध्ये बसतो हा माणूस, कधी बोलला नाही.

शेवटची शंका. ऊन असेल म्हणून टोपी घालून जावं म्हणतो. आत चालते ना?

सात_रस्ता

चालते मामा. फक्त स्लॅशसारखी उंच नको, मागच्यांना दिसत नाही.