वेग गावातच येतो, पण पुढचं?

या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की वेगवान गोलंदाज उमेश यादव हा निव्वळ जिद्दीचा खेळाडू, त्याची स्पर्धा फक्त स्वतःशीच होती. अर्धंच पटतं. नागपूरजवळच्या वलनीसारख्या कोळसा खाणीच्या वस्तीतून येऊन तो 2011 मध्ये भारताकडून कसोटी खेळला, यात जिद्द आहेच. पण विशीच्या उंबरठ्यापर्यंत तो टेनिस बॉलच खेळत होता, हे चर्चेत कुठंच आलं नाही.

आमच्याकडे सोयाबीन निघालं की वावरात टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. पोट्टे वेग काढतात, थेट पायाशी पडणारा यॉर्कर तर डोळे मिटून टाकतात. त्याच पोराच्या हाती लेदर बॉल दिला की तो गडबडतो. चेंडूची शिवण सरळ ठेवायला दोन बोटं कुठं धरायची, मनगट मागं कसं राहतं, हे टेनिस बॉलवर कधी लागतच नाही. टप्पाही मागं घ्यावा लागतो. ते कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं, एकट्यानं होत नाही. शिवाय समोरच्या टोकाकडून धावा रोखणारा जोडीदार लागतो. 2017-18 च्या रणजी उपांत्य फेरीत विदर्भानं कर्नाटकला 5 धावांनी हरवलं. विदर्भाचा वेगवान गोलंदाज रजनीश गुरबानीनं दुसऱ्या डावात 7 बळी घेतले, पण बाकीच्यांनी दुसरं टोक सांभाळलं नसतं तर 198 चं लक्ष्य कधीच निघालं असतं.

म्हणून तालुक्याला एखादं मॅटिंगचं नेट (चटई अंथरलेली सरावाची जाळी) आणि शिकवणारा माणूस हवा. आमच्या भागातल्या पोरांना आज त्यासाठी थेट नागपूर गाठावं लागतं.