बाबांच्या हृदयाच्या तिन्ही वाहिन्यांत ब्लॉकेज, मधुमेहही आहे. बायपास की स्टेंट? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले, वाळपईजवळचे. बाबा ६४ वर्षांचे, १४ वर्षांपासून मधुमेह. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या आराशीचं) सामान आणायला कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेत, गेले होते. चढणीवर छाती जड झाली, डावा जबडा दुखायला लागला. पाटाच्या कडेला थोडा वेळ बसले तसं थांबलं. घरी येऊन पित्त समजून आगळ (कोकमाचा रस) घातलेलं पाणी प्यायले आणि आईला काही बोललेच नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं तेव्हा कळलं.

ईसीजी नॉर्मल आला आणि आम्ही निर्धास्त झालो, हे मला आता फार लागतं. चालताना दुखतं त्याचा ईसीजी पडल्या पडल्या चांगला येऊ शकतो, हे माहीतच नव्हतं. नंतर ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली, मग मनगटातून अँजिओग्राफी. एलएडीत (हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य वाहिनी) सुरुवातीलाच ८० टक्के ब्लॉकेज, उजवीत ९०, सर्कमफ्लेक्समध्ये (डावीकडून मागे जाणारी) ७०. लेफ्ट मेन (डावीकडच्या या दोन्ही जिथून फुटतात ती) मोकळी. हृदयाचं पंपिंग ५० टक्के.

बाबा टेबलावरच असताना मला आत बोलावून सांगितलं, तीन स्टेंट आत्ताच टाकू, सही करा. माझे हात कापत होते. अटॅक आलेला नव्हता, दुखणं बसल्यावर थांबत होतं, म्हणून मी वेळ मागितला आणि अँजिओग्राफीची सीडी घेऊन आलो. दुसरीकडच्या सर्जननी बायपास सुचवला. मधुमेह आणि तिन्ही वाहिन्या असलेल्या रुग्णांवरची फ्रीडम चाचणी (२०१२) मी वाचली. त्यात बायपासनंतर मृत्यू आणि अटॅक कमी, पक्षाघात मात्र थोडे जास्त. माझा कल बायपासकडे आहे. पण बाबा म्हणतात, 'छाती कापून घेणार नाही.'

सध्या अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, बीटा ब्लॉकर ही औषधं चालू आहेत, सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी) खिशात असते. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड आहे. सोमवारी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) फाईल दाखवणार. तिथे कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन दोघांचं मत एकत्र मिळावं म्हणून काय करावं लागतं? आणि मधुमेह असताना बायपास झालेलं कोणी तुमच्या घरात असेल तर कृपया लिहा: छातीचं हाड भरायला, बायपाससाठी पायाची शीर काढलेली जखम सुकायला किती दिवस गेले? बाबा रोज एकच विचारतात, सुपारी पाडायच्या वेळी मी कुळागरात उभा असेन का. त्यांना वाचून दाखवायला मला कोणाचा तरी खरा अनुभव हवा आहे.