मदत हवी आहे: मालकमपेठेच्या फलकावर 'स्थापना' साल कोणतं लिहावं?

पायवाट:
महाबळेश्वरच्या बाजारपेठेसाठी, म्हणजे जुन्या मालकमपेठेसाठी, शाळेच्या वारसा फेरीत एक माहितीफलक लावायचा आहे. मजकूर शंभर-सव्वाशे शब्दांत बसवायचाय. अडचण अशी की प्रत्येक ठिकाणी साल वेगळं. कुठे १८२४, कुठे १८२८, कुठे १८२९. एका पुस्तिकेत तर थेट शिवकाळापासून सुरुवात. माझे प्रश्न:
१. पेठ वसली ते साल नेमकं कोणतं धरायचं?
२. सातारच्या राजानं ही जागा इंग्रजांना बक्षीस दिली हे खरं का?
३. मूळ मोडी कागद बघायचे तर कुठे, आणि तारखा कशा लावायच्या?
४. सुरुवातीला इथे राहायला आलं कोण?

वेण्णाकाठ:
आधी एक गाठ सोडवून घ्या. क्षेत्र महाबळेश्वर (देवळांचं जुनं गाव) आणि मालकमपेठ ही दोन वेगळी ठिकाणं, मधे पाच-सहा किलोमीटरचं अंतर. पंचगंगेचं देऊळ, शिवाजी महाराजांनी ६ जानेवारी १६६५ ला केलेली जिजाबाईंची सुवर्णतुला, हे सगळं क्षेत्राचं. पेठेच्या फलकावर ते आलं की पुढचं सगळं गोंधळतं.

आता पेठेची सालं. एकही खोटं नाही, फक्त प्रत्येक साल वेगळ्या गोष्टीचं आहे.

१८२४: साताऱ्यात तैनात असलेला लॉडविक हा इंग्रज फौजी अधिकारी इथे चढून आला आणि हवा आजाऱ्यांना मानवेल असं त्यानं वर्तमानपत्रांतून लिहिलं. ही झाली इंग्रजांना लागलेली 'खबर'. डोंगरावर माणसं त्याआधीपासून होतीच, त्यामुळे 'शोध लावला' असं लिहू नका.
१८२५ च्या सुमारास: साताऱ्याचा रेसिडेंट (दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) ब्रिग्ज यानं इथे घर बांधलं. त्याच्या आग्रहावरून प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून वर गाडीरस्ता करवला. माझ्या मते वसाहतीचा खरा पाया हा. रस्त्याशिवाय धान्य, चुना, लाकूड वर कसं चढणार? तरी फलकांवर हे साल कुणी लिहीत नाही.
१८२७-३०: सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर. त्यानं आजारी गोऱ्या सोल्जरांसाठी प्रयोगादाखल इस्पितळ काढलं.
१६ मे १८२९: तहानं जागेचा ताबा बदलला. पेठेला माल्कमचं नाव पडलं ते राजाच्या इच्छेनं.

स्थापना म्हणून एकच तारीख हवी असेल तर ही शेवटची, कारण ती कागदावर आहे. पण 'स्थापना' ऐवजी 'ताबाबदल' म्हणा, कुणी हरकत घेणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ती अदलाबदल होती. जागेच्या बदल्यात राजाला वाई भागातलं खंडाळा गाव मिळालं. लोणावळ्याजवळचं खंडाळा नव्हे! छापील पुस्तिकांतही ही चूक दिसते, म्हणून फलकावर 'वाईजवळचं खंडाळा' असंच लिहा.

मोडीप्रेमी:
तिसऱ्यावर लिहितो. पुणे पुराभिलेखागारात सातारा महाराजांचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत, मोडीत. इंग्रजी पत्रव्यवहार हवा असेल तर मुंबईचं पुराभिलेखागार, राजकीय खात्याचे खंड. अर्जात नुसतं 'महाबळेश्वरचा इतिहास' लिहिलंत तर हाती काही लागणार नाही. काळ, प्रांत (जावळी) आणि विषय (रस्ता, गावांची अदलाबदल) असे तीन तुकडे करून लिहा. जाताना पेन्सिल न्या, जुन्या कागदांजवळ शाईचं पेन नको.

तारखांची खरी मेख पुढे आहे. १६ मे १८२९ हाच दिवस चार पद्धतींत असा दिसेल (कंसात इसवी सन काढायची बेरीज):
शके १७५१, विरोधी संवत्सर (शक + ७८)
सुहूर सन (मराठी दप्तरातला अरबी सन) १२२९ (सन + ६००)
फसली (महसुली सन) १२३८ (सन + ५९१)
राज्याभिषेक शक १५५ (शक + १६७४)

शक गुढीपाडव्याला बदलतो. सुहूर आणि फसली बदलतात मृगाला, म्हणजे जूनच्या आसपास. राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. सोळा मे येतो या सगळ्यांच्या मधे: शक नवा लागलेला, बाकी तिन्ही अजून जुनेच. म्हणून त्याच वर्षाचा पावसाळ्यानंतरचा कागद असेल तर सुहूरला ६०० ऐवजी ५९९, फसलीला ५९० आणि राज्याभिषेक शकाला १६७३ मिळवायचे. हे विसरलं की अख्ख्या वर्षाची चूक होते, आणि १८२८ की १८२९ या वादातला बराचसा भाग असल्या बेरजेतून येऊ शकतो.

सुहूर सन आकड्यात नसून अरबी शब्दांत असेल, एकं आधी: तिसा (९) अशरीन (२०) मयातैन (२००) व अलफ (१०००). 'तिसा' आणि 'तिसैन' (९०) यांची गफलत नेहमीची. पडताळ्याला वार बघा. १६ मे १८२९ ला शनिवार होता.

मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. मालकम, माल्कम, मालकंपेठ, सगळी रूपं धरून शोधा.

नकाशेवाला:
चौथा प्रश्न सगळ्यात रंजक आणि त्यावरच सगळ्यात कमी लिहिलं जातं. डोंगरावर आधीपासून कोळी, कुणबी, धनगर आणि धावड. धावड म्हणजे इथल्या जांभ्या मातीतून लोखंड गाळणारे. भट्टीला कोळसा लागतो, कोळशाला झाडं. जंगल राखायचं धोरण आलं आणि त्यांचा धंदा बसला. फलकावर एक ओळ तरी त्यांना द्या.

मग आले चिनी कैदी. मलाक्का-सिंगापूरकडून आणलेल्या कैद्यांचा इथे तुरुंग होता. बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे त्यांच्या हातचे. 'चायनामन' हे धबधब्याचं नाव तिथूनच आलं. तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला.

बंगल्यांच्या जागा सरकारनं भाडेपट्ट्यानं दिल्या. त्यामुळे जुन्या गावासारखी पाटील-कुलकर्ण्यांची वतनं शोधत बसलात तर बहुधा शेजारच्या गावांची सापडतील. इथे पट्टे आणि नगर भूमापनाच्या मिळकत पत्रिका बघायच्या.

लोकसंख्येचा आकडा टाकणार असाल तर सावध. १८८१ ची खानेसुमारी १७ फेब्रुवारीला झाली. इथला हंगाम उन्हाळ्याचा, पाऊस लागला की व्यापारी खाली उतरायचे. म्हणजे मोजणी झाली ती हंगाम सुरू होण्याआधी, पेठ पुरती भरलेली नसताना. आकडा दिलात तर महिना शेजारी लिहा.

पायवाट:
सगळ्यांचे आभार. मसुदा टाकते, तपासून द्या:

"साताऱ्याहून गाडीरस्ता १८२५ च्या सुमारास झाला. १६ मे १८२९ (शके १७५०) रोजी छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी वाईजवळच्या खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा इंग्रजांना दिली. गव्हर्नर माल्कम यांच्या नावावरून मालकमपेठ हे नाव पडले. त्यापूर्वी येथे कोळी, कुणबी, धनगर व लोखंड गाळणारे धावड राहत. चिनी कैद्यांनी भाज्यांचे मळे केले. इंग्रजांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधला."

मोडीप्रेमी:
शके १७५१ करा. जानेवारी ते पाडवा एवढ्याच काळात ७९ वजा करायचे, मे महिन्यात ७८.

वेण्णाकाठ:
तलाव इंग्रजांचा नाही. प्रतापसिंहांना १८३९ मध्ये पदच्युत केल्यावर त्यांचे भाऊ आप्पासाहेब (शहाजी) गादीवर आले. तलाव त्यांनी बांधवला. सुमारे २८ एकरांचा. '१८४२ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी' असं घ्या. जागा उरत असेल तर एकर काढा, नाव ठेवा.

नकाशेवाला:
आणि फलक लोखंडी पत्र्याचा करू नका, इथल्या पावसात दोन वर्षांत गंजेल. जांभा दगडही कोरायला घेऊ नका, सच्छिद्र असल्यानं अक्षरांच्या कडा झडतात आणि शेवाळ धरतं. काळ्या पाषाणात कोरून घ्या, अक्षर बोटभर उंचीचं, वर पागोळी बाहेर पडेल एवढी पडवी. जूनच्या आत बसवून टाका.