‘किक सिक्स’: एका प्लेने ऑबर्नचा सीझन फिरला का?

निशाचर: कॉलेज फुटबॉलमध्ये (अमेरिकेतलं, हातात चेंडू घेऊन पळायचं ते) एका प्लेने (म्हणजे एका चालीने) आख्खा सीझन फिरतो, असं माझं ठाम मत. ३० नोव्हेंबर २०१३, ऑबर्न विरुद्ध अलाबामा, २८-२८. वेळ संपली होती, पण अलाबामाचे कोच निक सेबन अडून बसले आणि रिव्ह्यूत एक सेकंद परत मिळाला. त्या सेकंदात त्यांनी ५७ यार्डांवरून फील्ड गोलचा (चेंडू किक मारून गोलपोस्टच्या मधून घालवायचा, तीन गुण) प्रयत्न केला. किक तोकडी पडली. गोलपोस्टखाली उभ्या असलेल्या ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने चेंडू झेलला (अशी तोकडी किक झेलून पळता येतं) आणि थेट दुसऱ्या टोकाला नेला. टचडाऊन, सहा गुण. ३४-२८! आधीची दोन वर्षं विजेता असलेला, तोवर अपराजित अलाबामा गारद. आणि ऑबर्न? आदल्या वर्षी १२ पैकी ९ सामने हरलेला संघ.

शमा: हायलाइट्स बघून मत बनवलं की असं होतं. त्याच सामन्यात अलाबामाचे आधीचे तीन फील्ड गोल फसले होते. शेवटच्या क्वार्टरमध्ये चौथ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चारपैकी शेवटच्या प्रयत्नाला) एक यार्ड मिळालं नाही. ते कुणी मोजायचं? शिवाय जिंकूनही ऑबर्न देशाच्या क्रमवारीत पहिल्या दोघांत नव्हताच, आणि राष्ट्रीय फायनल तेव्हा त्या दोघांतच व्हायची. पुढच्या आठवड्यात मिशिगन स्टेटने ओहायो स्टेटला हरवलं म्हणून जागा मिळाली.

निशाचर: ऑबर्न हरला असता तर एसईसीची (दोघांच्या लीगची) फायनल अलाबामा खेळला असता. मग ओहायो हरो नाहीतर जिंको, ऑबर्नला काय त्याचं?

खडूस_काका: एकच प्ले म्हणता, पण कुठली? दोन आठवडे आधी जॉर्जियाविरुद्ध चौथा डाउन, १८ यार्ड हवे होते. जॉर्जियाच्याच बचावपटूंच्या हातून उडालेला चेंडू ऑबर्नच्या रिकार्डो लुईसच्या हातात पडला आणि ४३-३८. तो मात्र निव्वळ नशिबाचा खेळ. डेव्हिसचं तसं नाही. ऑबर्नचे कोच गस मॅल्झान यांनी टाइमआउटनंतर त्याला मुद्दाम मागे उभं केलं होतं. फील्ड गोलच्या वेळी समोर सगळी धिप्पाड, ब्लॉकिंगवाली मंडळी. ती काय त्याला पकडणार!

निशाचर: काका, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे!

खडूस_काका: अजिबात नाही. सराव वर्षभराचा असतो, कॅमेऱ्यात एक सेकंद दिसतो.

शमा: आणि राष्ट्रीय फायनलमध्ये? १३ सेकंद उरले असताना फ्लोरिडा स्टेटने टचडाऊन मारून ३४-३१ असं ऑबर्नलाच हरवलं. निशाचर, त्या प्लेवर धागा कधी काढताय?