बोन स्कॅनमध्ये ‘हॉट स्पॉट’ दिसला म्हणजे कर्करोग हाडांत पसरलाच का?

मिरजकर:
माझ्या वडिलांना (वय ७१) प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे गेल्या महिन्यात बायॉप्सीत निष्पन्न झाले. पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगात रक्तात वाढणारे प्रथिन) ३४ असल्यामुळे डॉक्टरांनी बोन स्कॅन करवून घेतला. उजवीकडील सातव्या बरगडीत आणि कमरेच्या चौथ्या मणक्यात तपासणीसाठी टोचलेल्या औषधाचे शोषण वाढलेले आहे (यालाच ‘हॉट स्पॉट’ म्हणतात), ते सीटीशी पडताळून पाहावे, असे अहवालात लिहिले आहे. एक्स-रेमध्ये मात्र काहीही दिसत नाही. अहवाल वाचल्यापासून आईने अन्नाला हात लावलेला नाही. यांपैकी खरे काय मानावे?

गॅमा कॅमेरा:
मी गेली अठरा वर्षे न्यूक्लियर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करतो. या तपासणीत कर्करोगाची गाठ दिसतच नाही, हे आधी लक्षात घ्यावे. शिरेतून दिलेले टेक्निशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य एमडीपी नावाच्या फॉस्फेटवर्गीय संयुगाला जोडलेले असते आणि ते सुमारे तीन तासांत, जिथे नवे हाड घडत असते, तिथे अधिक प्रमाणात साठते. भिंत ढासळली की गवंडी जमतात. पण गवंडी दिसले म्हणून भिंत कोणी पाडली ते कळत नाही. संधिवात, जुना मार, बुजत आलेले फ्रॅक्चर, यांतले काहीही तसाच काळा ठिपका उमटवते. उलट, हाडातील ३० ते ५० टक्के खनिज गेल्याखेरीज एक्स-रेमध्ये सहसा बदल दिसत नाही, म्हणून स्वच्छ एक्स-रेवरही विसंबून राहू नये.

बरगडीतील एकटा ठिपका बहुतेक वेळा निरुपद्रवी निघतो. बरगडीच्या लांबीने पसरलेला पट्टा असेल तर मात्र आम्ही सावध होतो. मणक्याच्या बाबतीत स्पेक्ट-सीटी (याच औषधाची त्रिमितीय चित्रे आणि सीटी एकत्र) करून घ्यावी, कारण शोषण मागच्या सांध्यात आहे, म्हणजे झिजेचे आहे, की मणक्याच्या मुख्य भागात किंवा पेडिकलमध्ये (मुख्य भागाला मागच्या भागाशी जोडणाऱ्या हाडात) आहे, हे त्यातच नीट कळते. (लघवीचा एक थेंब पायजम्यावर सांडला तरी तो जांघेच्या हाडातला डाग वाटतो, अशा वेळी कपडे बदलून आम्ही पुन्हा चित्र घेतो.) वडील अलीकडे कुठे पडले होते का?

सातारची लेक:
माझ्या आईच्या स्तनाच्या कर्करोगात उपचारांनंतर तीन महिन्यांनी स्कॅनमधील ठिपके अधिक गडद झाले आणि आम्ही हादरलो. हाड भरून येतानाही असे होते, त्याला ‘फ्लेअर’ म्हणतात, असे सांगून डॉक्टरांनी औषध बदलले नाही. पुढच्या स्कॅनमध्ये ते ठिपके फिके झाले होते. त्यामुळे एका चित्रावरून निष्कर्ष काढू नये, एवढेच सुचवते.

परळकर:
प्रोस्टेटसाठी पीएसएमए पेट-सीटी या वेगळ्या स्कॅनबद्दलही विचारून पाहावे. त्यातील औषध हाडाच्या डागडुजीवर नव्हे, तर प्रोस्टेटच्या पेशींवरील प्रथिनावर बसते. ऑस्ट्रेलियात ३०२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पीएसएमए पेट-सीटीची अचूकता ९२ टक्के, तर नेहमीच्या सीटी व बोन स्कॅनची मिळून ६५ टक्के आढळली. तरीही बरगड्यांत ती तपासणीसुद्धा कधीकधी फसते, आणि खर्च बराच जास्त येतो. त्यामुळे आधी स्पेक्ट-सीटी करावी, हेच मला योग्य वाटते.

मिरजकर:
सर्वांचा आभारी आहे. पडल्याचे विचारताच आईला आठवले, की गणपतीत मखर उतरवताना बाबा स्टुलावरून घसरले होते आणि त्यांची उजवी कूस टेबलाच्या कडेवर आदळली होती. मणक्याचा प्रश्न अर्थात उरतोच. स्पेक्ट-सीटी गुरुवारी ठरली आहे. त्या दिवशी दोन वर्षांच्या नातीला त्यांच्याजवळ जाऊ द्यावे का?

गॅमा कॅमेरा:
टेक्निशियमचे अर्धआयुष्य सहा तासांचे असते, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सोळावा हिस्साच उरतो, आणि बराचसा भाग त्याआधी लघवीवाटे निघून जातो. भरपूर पाणी प्यायला द्यावे. नातीला त्या दिवसापुरते मांडीवर घेऊन बसू नये. शुक्रवारी संध्याकाळी खुशाल घ्यावे. पडल्याची हकीकत मात्र तपासणीच्या अर्जावर आठवणीने लिहावी, म्हणजे अहवाल देणाऱ्या डॉक्टरांना ती वाचता येईल.