'बुडणे'ला दुसरा शब्द आहे का?

शब्दवेडी: आठवीच्या मुलांसाठी विज्ञानाचा लेख भाषांतरित करतेय. त्यात लिहिलं, "वस्तू जितकी जास्त बुडते तितकं तिच्यावरचं प्लावक बल वाढतं." प्लावक बल म्हणजे पाणी वस्तूला वर ढकलतं ते. भाचीला वाचायला दिलं तर म्हणाली, म्हणजे दगड तळाशी गेला की सगळ्यात जास्त ना? आणि तिचं काहीच चुकलं नाही हो, वाक्यच तसं आहे. मला म्हणायचं होतं जितका भाग पाण्याखाली जाईल तितकं. एकदा अख्खी वस्तू आत गेली की पुढे किती खोल याने फरक पडत नाही. पण मराठीत दोन्हीला 'बुडणे'च. वेगळे शब्द आहेत का?

हौदकाठ: तिला आकड्यांत दाखवा. 10 सेंमीचा ठोकळा, वरची बाजू 1 मीटर खोल, तिथे पाण्याचा दाब 9,800 पास्कल, खालच्या बाजूला 10,780. फरक 980, क्षेत्रफळ 0.01 चौ. मी., म्हणजे वरच्या दिशेने 9.8 न्यूटन. 5 मीटरवर नेला तरी दाब दोन्हीकडे सारखाच वाढतो, फरक तेवढाच राहतो. बाकी 'बुडणे' ठेवा, खोल जाण्याला 'तळाला जाणे' म्हणा.

धातुपाठ: पाण्याखाली जाण्याला निमज्जन आहे की. आणि प्लावक नको, 'उत्प्लावक' लिहा, उत् मुळे वरची दिशा कळते. संस्कृत धातू प्लु, तरंगणे आणि उडी मारणे दोन्ही, म्हणून बेडूक प्लवग.

हौदकाठ: निमज्जन आठवीला?? मी शाळेत प्लावकच शिकलो आणि काही अडलं नाही. खरं तर तेही नको. हौदातून बादली ओढून बघा, पाण्यात आहे तोवर दोन बोटांनी येते, काठाबाहेर आली की दोरी तळव्याला काचते. आई म्हणायची पाणी उचल देतं. 'उचल' घ्या ना.

मोजपट्टी: उचल म्हणजे पगारातली आगाऊ रक्कम, पोरं गोंधळतील. परिभाषेत एका शब्दाला एकच अर्थ हवा, आधीच दाब आणि दबाव यांची सरमिसळ चालू आहे.

हौदकाठ: मग 'तरंगणे'चं काय करता? लाकूड तरंगतं ते प्लावक बलाने, अलगद ठेवलेली सुई तरंगते ती पृष्ठताणाने, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाच्या ताणाने, क्रियापद एकच. बोलीने कुठे अडवलं?

धातुपाठ: म्हणूनच पारिभाषिक शब्द लागतात! तरंगणे हे तरंगावरून, म्हणजे लाटेवर असणे, पाण्याच्या पोटात स्थिर राहिलेल्या पाणबुडीला तो शब्द लावूच नये.

शब्दवेडी: पाणबुडीचं मला पटत नाही, 'अधांतरी तरंगणारी' आपण सर्रास म्हणतो. पण मंडळी, माझं वाक्य अजून तसंच आहे. "जितका भाग पाण्यात" असं फोडून लिहू का?

मोजपट्टी: पाण्यात का, द्रायूत लिहा. हवेलाही प्लावक बल असतं, फुगा कशाने वर जातो?

हौदकाठ: द्रायू! द्रव अधिक वायू, हे असले जोडशब्द कुणाच्या तोंडी आहेत सांगा बरं एकदा.